कोपऱ्यातलं कुंकू

माणूस किती घाबरला हे त्याच्या बोटांना आलेल्या घामावरून मोजता येतं, त्यासाठी शेजारीपाजारी विचारत फिरावं लागत नाही, हे मला गुलबर्ग्याला नोकरी लागल्यावर कळलं. गुलबर्ग्याला आता कलबुर्गी म्हणायचं असतं. आमच्या कॉलेजच्या फाटकावरही तसंच लिहिलंय, पण बसचे कंडक्टर अजून जुन्याच नावानं ओरडतात. त्या कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाला एक प्रयोगशाळा मंजूर झाली आणि तिथे मी तांत्रिक सहाय्यक म्हणून लागलो. करारावर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि मग नवा हुकूम घ्यायचा. नव्या हुकमासाठी विभागप्रमुखांची सही लागते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझं जे काही शौर्य दिसेल ते या सहीला वळसा घालूनच गेलेलं असेल.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, तिच्यात गळका एसी आणि दोन कॉम्प्युटर. एक कॉम्प्युटर समोर बसलेल्या माणसाला चित्रं दाखवायचा. दुसरा त्याच्या बोटांना लावलेल्या तारांमधून येणारी रेघ लिहून घ्यायचा. माणसाला काही वाटलं की बोटांचा घाम वाढतो आणि रेघ वर चढते, इतकं ते सोपं आहे. अडचण एवढीच की या दोन कॉम्प्युटरांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकानं साप कधी दाखवला हे दुसऱ्याला कळायला हवं, नाहीतर रेघ सापामुळे चढली की डास चावल्यामुळे, हे कोण सांगणार? म्हणून चित्रांच्या स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शर्टाच्या गुंडीएवढा एक सेन्सर चिकटपट्टीनं लावलेला असे. चित्र आलं की त्या कोपऱ्यात एक बारका पांढरा चौकोन चमकायचा, सेन्सरला तो उजेड दिसायचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर रेघेखाली एक खूण उमटायची. परदेशातून मागवलेली सगळी यंत्रणा त्या एका गुंडीच्या नजरेवर चालत होती.

निकाल काढायला तिसरं सॉफ्टवेअर होतं. ते खुणा शोधायचं, प्रत्येक खुणेनंतरच्या पाच-सहा सेकंदांत रेघ किती चढली ते मोजायचं आणि रंगीत खांब काढून द्यायचं. आमच्या सरांचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, खरा जीव या खांबांत. त्या सॉफ्टवेअरमध्ये टिक करायच्या चौकटी ढिगानं होत्या. त्यातली एक म्हणायची, खूण सापडली नाही तर अंदाजानं वेळ धरा. ती बनवणाऱ्यांनीच टिक करून पाठवलेली होती. दुसरी म्हणायची, सूचना दाखवू नका. ती सरांनी टिक केली, कारण एकदा बाहेरचे पाहुणे आलेले असताना स्क्रीनवर पिवळा त्रिकोण उगवला आणि सरांना तो स्वतःचा अपमान वाटला. म्हणजे अंदाज बांधणारं आणि अंदाज बांधल्याचं कुणालाही न सांगणारं असं ते सॉफ्टवेअर झालं होतं. बांधावर न जाता पिकं लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, पण आपण बांधावर गेलो नाही हे निदान त्यांना तरी माहीत असतं.

सर आळंदचे. घरचा तुरीचा व्यापार, जमीनजुमला. घरात मराठी, ऑफिसात कन्नड आणि व्यासपीठावर इंग्रजी बोलणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मला ते 'तू आमच्यातलाच' असं म्हणायचे, आणि हे वाक्य ज्याला म्हणावं लागतं तो कुणातला असतो हे त्यांना कधी सुचलं नाही. सॉफ्टवेअर उघडायला पेन ड्राइव्हसारखी एक चावी लागते, तिला डोंगल म्हणतात. ती ते लोखंडी कपाटात, मखमलीच्या डबीत ठेवायचे. रोज सकाळी दोन्ही हातांनी काढून माझ्या ओंजळीत द्यायचे. एकदा डोंगल लावताना माझ्या हातून खाली पडली तर सरांच्या तोंडून 'शिवा शिवा' निघालं.

चित्रंही सॉफ्टवेअरबरोबरच आली होती आणि त्यांची यादीही. कोणतं भयानक, कोणतं आनंदी, कोणतं तटस्थ, म्हणजे ज्याचं कुणालाच काही वाटू नये असं, हे तिकडच्याच लोकांनी ठरवून दिलेलं. भयानकमध्ये साप, अस्वल, पिस्तूल. आनंदीमध्ये बर्फावरून घसरणारी माणसं, पिझ्झा, समुद्रातली होडी. तटस्थमध्ये चमचा, टोपली, छत्री, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला कप. मी एकदा सरांना म्हणालो की आपल्याकडची चित्रं घेऊ या. सर म्हणाले, "अरे, जगात सगळीकडं हेच वापरायलेत. आपण कामून वेगळं करायचं?" जग म्हणजे काय याची सरांकडे पक्की यादी होती आणि तिच्यात आमचा हुमनाबाद तालुका नव्हता.

तर दसऱ्याच्या आधी कॉलेजातली चाळीसेक पोरं-पोरी बसवून झाली. सापाला रेघ चढली, पिझ्झ्याला चढली, चमच्याला पडून राहिली. खांब यादीबरहुकूम उभे राहिले आणि सर खूश झाले. मग आली खंडेनवमी.

आमच्या भागात त्या दिवशी नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग प्रयोगशाळेनं काय घोडं मारलंय? मी सकाळपासून सगळं पुसून काढलं. स्क्रीन पुसायला सेन्सर सोडवून बाजूला ठेवला. विभागातले शिपाई अण्णा झेंडूचे हार घेऊन आले. टेबलाच्या पायाखाली लिंबू ठेवलं. डोंगलला मखमलीच्या डबीतच फूल वाहिलं. कोहळा फोडला आणि त्याचा चिकट रस यूपीएसपर्यंत गेला. शेवटी सरांनी हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि एकेका यंत्राला बोट लावत स्क्रीनपाशी आले. मधोमध लावलं तर चित्रांवर येईल, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी विचार करून, खालच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्यानं, घसघशीत टिळा लावला.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पूजेचं ताट नाही. प्रसादाचं खोबरं मी खातो, कारण खोबऱ्याशी माझं वैर नाही. पण त्या दिवशी मी नेहमी दाराजवळ उभा राहतो आणि सगळे जण माझ्याकडे न पाहण्याची फार काळजी घेतात. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्पिरिटचा बोळा घेऊन स्क्रीनसमोर उभा राहिलो. टिळा वाळून पापुद्रा धरला होता. बोळा टेकवणार, तेवढ्यात अण्णा झाडू घेऊन आत आले. म्हातारा साधा माणूस, काहीही मनात नसताना म्हणाला, "सरांनी सोताच्या हातानं लावलंय. राहू दे की."

माझा हात थांबला. पुसलं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित चहाच्या वेळी कुणीतरी हळूच म्हणालं असतं की ह्यानं पुसलं, ह्यांना चालत न्हाई. हुकमाला दोन महिने राहिले होते. मी बोळा टोपलीत टाकला, सेन्सर घेतला, चिकटपट्टीची जुनी खूण जिथे होती तिथेच, म्हणजे बरोबर त्या टिळ्यावर, दाबून बसवला. रोजचा एक तक्ता भरायचा असे. त्यात एक ओळ होती: सेन्सरला उजेड दिसतो का, तपासा. मी तपासलं नाही. टिक केली आणि खाली सही केली.

त्याच आठवड्यात सरांना खेड्यातली माणसं हवी झाली. शहरातलं मन मोजून झालं, आता खेड्यातलं मोजायचं. खेडं कुठून आणायचं? सर म्हणाले, "तुझं गाव दुबलगुंडी न्हवं? तुझ्या गल्लीतल्या बाया आण. साध्या, न शिकलेल्या बघ." मला त्याचाही तेव्हा अभिमान वाटला, काय सांगायचं! सोयाबीन काढून झालं होतं, तुरी फुलावर होत्या, बायकांना दोन दिवस मोकळे होते. आमच्या गल्लीतल्या अकरा जणी आणि बारावी माझी माय, अशा क्रूझर जीप करून आल्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. प्रयोगाला लुगडं कोणतंही चालतं, बोटं मात्र स्वच्छ हवीत, असं मी सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, "घासून घासून आणलीत बाबा, पर ही जाणार न्हाईत," आणि विळ्यानं कापल्याच्या काळ्या रेघा दाखवल्या.

मी प्रत्येकीला संमतीपत्र वाचून दाखवलं. नको वाटलं तर कधीही उठून जाता येतं, हे ऐकून सगळ्या हसल्या. उठून कुठं जाणार, क्रूझर तर एकच होती. मग एकेक जण आत. त्या बारा जणींनी त्या परदेशी चित्रांची जी दशा केली ती मी जन्मात विसरणार नाही. साप आला तर पहिली म्हणाली, "धामण हाय, ती काय करतिया." पिझ्झा आला तर दुसरी म्हणाली, "भाकर करपली की." बर्फावरून घसरणाऱ्यांना पाहून तिसरीनं विचारलं की हे पडायलेत तर दात कामून काढायलेत. बोलायचं नाही असं मी दहा वेळा सांगितलं. त्या बोलत होत्या आणि मी लिहिणाऱ्या कॉम्प्युटरसमोर बसून हसू दाबत होतो. माझी एक जुनी खोड होती: नव्या माणसाचं पहिलं चित्र आलं की मी हातानंही एक बटण दाबून वेगळ्या पट्टीवर खूण टाकायचो. कुणी सांगितलेलं नव्हतं. यंत्रावर माझा फारसा विश्वास नव्हता, एवढंच.

माय शेवटी बसली. तिच्या बोटांची कातडी इतकी जाड की तारांखाली दोनदा जेल लावलं तेव्हा कुठे रेघ दिसायला लागली. ती एकटीच सगळा वेळ गप्प होती. साप झाला, अस्वल झालं, होडी झाली. मग तो खिळ्याला टांगलेला कप आला आणि रेघ सरळ वर गेली, स्क्रीनच्या बाहेर. मला वाटलं, तार सुटली. मी उठून बघितलं तर तारा जागच्या जागी आणि मायचा हात मांडीवर निपचित. बाहेर आल्यावर अण्णांनी सगळ्यांना चहा आणला. अकरा जणींनी घेतला. माय म्हणाली, "नगं, मी पित न्हाई." घरी ती दिवसातून चार वेळा पिते.

निकाल आला तेव्हा सर खुर्चीवरून उठलेच. चाळीस पोरांचे खांब उंच, रंगीत. बारा बायकांच्या जागी जमिनीलगत पिवळ्या चपट्या विटा. सापाला काही नाही, अस्वलाला नाही, कशालाच नाही. मला वाटलं सर म्हणतील काहीतरी चुकलंय. सर म्हणाले, "बघ, हे न्हाई का मी मनायलो होतो?" काय म्हणत होते ते मला माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. पण दुपारपर्यंत त्यांनी अहवालाला नाव दिलं: ग्रामीण वंचित स्त्रियांमधील भावनिक प्रतिसादाचा अभाव. पुढच्या महिन्यात बंगळूरला मोठी बैठक होती, तिथे ते वाचायचं ठरलं.

मी म्हणालो, "सर, त्या तर हसत होत्या."

"हसणं येगळं, आतून वाटणं येगळं," सर मायेनं म्हणाले. "तुमची माणसं सोसून सोसून दगड झालीत रे. मी कौतुकानंच लिहायलोय."

मला आजवर पुष्कळ शिव्या मिळाल्या आहेत, त्यांतली एकही मला या कौतुकाइतकी लागली नव्हती. डोकं तापलं.  तसाच खोलीत जाऊन मायची मूळ रेघ उघडली. कपाच्या चित्रापाशी चढलेला तो डोंगर तिथेच होता, माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. मग विटा कुठून आल्या? रेघेखाली सेन्सरच्या खुणांची पट्टी असते, ती पाहिली. एकही खूण नव्हती. बाराही जणींच्या पट्ट्या पाहिल्या, सगळ्या कोऱ्या. खुणा सापडल्या नाहीत म्हणून सॉफ्टवेअरनं अंदाजानं वेळा धरल्या होत्या. आता, चित्रांमधलं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, बसलेल्या माणसाला अंदाज येऊ नये म्हणून. माणसाला बांधता येऊ नये तो अंदाज सॉफ्टवेअरनं बांधला होता. बाईची रेघ चढत होती तेव्हा ते भलतीकडेच मोजत होतं, आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हतं.

मी चिकटपट्टी सोलली. सेन्सरच्या काचेला कुंकू चिकटून आलं. ते पाहिल्यावर पहिल्यांदा मला सरांचा राग आला नाही, स्वतःची शरम वाटली. त्यांनी न कळून लावलं होतं. मी कळून झाकलं होतं.

सेन्सर हातात घेऊन मी सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, सेन्सरखाली कुंकू होतं. खुणाच उमटल्या न्हाईत. बायकांचा निकाल चूक हाय."

सरांनी गुंडी निरखून पाहिली. "कुंकवानं मशीन बिघडत असतंय का कुठं?"

"बिघडलं न्हाई. त्याला दिसलं न्हाई."

सर उठले, तक्त्यांची फाइल काढली, दसऱ्यानंतरचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "सेन्सर तपासला मनून ही सही कुणाची हाय?"

"माझी."

"मग कुंकवाचं नाव कामून घ्यायलास? तपासलो न्हाई, असं मन."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. ते बरोबर बोलत होते. म्हणून मी दुसरं बोललो. चित्रांच्या कॉम्प्युटरकडे कोणतं चित्र किती वाजता आलं याची स्वतःची नोंद असते, आणि माझ्या हातच्या पहिल्या खुणेशी ती जुळवली तर सगळं पुन्हा काढता येईल.  सर म्हणाले, "काढ. पर भाईर कुठं बोलू नकोस."

तीन दिवस बसून मी बारा जणींच्या खुणा हातानं घातल्या. खांब उभे राहिले. पोरांपेक्षा काही उंच, काही ठेंगणे, पण यादीला न जुमानणारे. अकरा जणींना साप बेताचा आणि पिझ्झा हसण्यापुरता. पिस्तुलाला चढलेल्या रेघा मात्र पोरांच्या दुप्पट. दगड म्हणायला एकही बाई शिल्लक नव्हती. सरांचं तोंड उतरलं. अहवालाचं नाव गेलं, पण माणूस हार मानणारा नव्हता. त्यांनी खांबांवरून बोट फिरवलं आणि बाराव्यापाशी थांबवलं.

"हे काय? भयानकला थोडं आणि तटस्थला एवढं? कपाला? ही बाई चूक हाय. काढून टाक. बाकीच्या अकरा ठेवू." सॉफ्टवेअरमध्ये त्याचीही चौकट होती: तटस्थ चित्राला प्रतिसाद देणारे वगळा. चुकीच्या चित्राला घाम आलेला माणूस चूक ठरतो, हे तिकडच्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

"बारा नंबर माझी माय हाय, सर."

"मग तर सोपं झालं," सर म्हणाले. "विचार तिला, हात हलला होता का. हलला होता मनली की सुटलो आपण."

मी व्हरांड्यात जाऊन मायला फोन लावला. ती तुरीत होती, वारा ऐकू येत होता. विचारलं, "माय, तवा त्या कपाच्या चित्राला तुझी रेघ लई वर गेली. सर इचारायलेत, हात हलला होता का?"

"कोणता कप?"

"खिळ्याला टांगलेला."

 तो कप मला माहीत होता. मी लहान असताना तिनं एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. ती दहा वर्षांची असताना वडिलांबरोबर बाजारला गेली होती. रस्त्यावरच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी मागच्या भिंतीला खिळ्यावर वेगळा कप टांगलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच धुऊन परत टांगायचा. तिनं चुकून पुढच्या फळीवरच्या कपाला हात लावला. मालकानं तो कप तिच्यासमोर फोडला आणि तिच्या वडिलांनी त्याची माफी मागितली. तेव्हापासून ती घराबाहेर चहा पीत नाही.

"हात हलला न्हाई," माय म्हणाली. "भ्याले बी न्हाई. राग आला. तुझ्या मशीनला राग कळंना व्हय?"

मी तिला खरं सांगितलं. भीती असो, राग असो, आनंद असो, मशीनला सगळा घाम सारखाच. ती हसली. "मग एवढा खटाटोप कशाला करायलाव रे तुमी? इचारलं असतं तर तोंडानं सांगितलं असतं."

मला फोन ठेवता आला असता. पण ते कुंकू तीन दिवस माझ्याबरोबर फिरत होतं. मी तिला सगळं सांगितलं: टिळा, बोळा, अण्णा, सही. 

"मग पुसलास कामून न्हाईस?"

"लोक काय मनले असते, माय."

"मंजे भ्यालास."

"व्हय."

"त्या दिवशी ते वायर तुझ्या बोटाला लावायला पायजे होतं," ती म्हणाली, आणि कामाला लागते म्हणून तिनंच फोन ठेवला.

मी आत आलो. सर बसले होते. मी म्हणालो, "हात हलला न्हाई. माय मनली, राग आला." मग सरांना त्या कपाचं सांगितलं, जसं मायनं मला सांगितलं होतं तसं, काही वाढवलं नाही. सर आळंदच्या बाजारपेठेत वाढलेले. हा कप काय असतो हे त्यांना समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "जुन्या गोष्टी," ते म्हणाले. "ते तटस्थ हाय मनून यादीत लिहिलंय, आपण काय करणार?"

मग मी एक केलं. फाइलमधलं ते पान पुन्हा समोर ओढलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं: 'सेन्सरखाली पूजेचं कुंकू होतं. मी पाहिलं होतं. पुसायला भ्यालो, तपासलं नाही. टिक खोटी आहे.' त्याच्या खाली दुसरी ओळ लिहिली: 'बारा नंबरचा हात हललेला नाही. तिला वगळायचं असेल तर वगळणाऱ्यानं सही करावी.' आणि पेन सरांपुढे ठेवलं. लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं की आजही ते पान काढून पाहिलं तर माझंच आहे यावर विश्वास बसत नाही.

सरांनी पेन उचललं नाही. बंगळूरच्या बैठकीत त्यांनी चाळीस पोरांचेच खांब वाचले आणि टाळ्या घेतल्या. बारा बायका कुठेच आल्या नाहीत. दगड म्हणूनही नाही आणि माणूस म्हणूनही नाही. हा विजय आहे का, मला सांगता येत नाही. बायकांची फाइल मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. माझा हुकूम तीन आठवडे उशिरा आला, पण आला. डोंगल सांभाळणारं दुसरं कुणी मिळालं नसावं. पिवळा त्रिकोण लपवणारी टिक मी कुणाला न विचारता काढून टाकली. आता सूचना येतात आणि सर त्यांच्याकडे पाठ करून बसतात.

यंदाच्या खंडेनवमीला पुन्हा कोहळा फुटला, पुन्हा यूपीएस चिकट झाला. सर हळद-कुंकवाची वाटी घेऊन यंत्रामागून यंत्र करत स्क्रीनपाशी आले. अंगठा कोपऱ्याकडे गेला. विभागातले सगळे उभे होते, अण्णा हार धरून उभे होते. मी दाराजवळून पुढे आलो आणि म्हणालो, "सर, तिथं नगं. टेबलाला लावा."

 सरांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं आणि टिळा टेबलाला लावला. माझ्या दहाही बोटांना घाम सुटला होता. माय तिथे असती तर म्हणाली असती, राग हाय. राग नव्हता, भीतीच होती, गेल्या वर्षीचीच. फक्त या वेळी ती बोलून झाल्यावर आली.